काळजीची वेळ

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. भीमाशंकर करून गणपती घाटाने उतरलो आणि पायथ्याच्या खांडस गावात शिरलो तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते. पाय भरून आलेले, एका बॅटरीने मान टाकलेली, आणि बोलणं तर घाट संपायच्या आधीच संपलेलं. गावाच्या टोकाला ज्या झोपडीत सकाळी चहा घेतला होता, तिथली चूल अजून धुगधुगत होती. मावशी दारातच बसल्या होत्या, डोक्यावरून चादर घेऊन. आमचे दिवे दिसले तशा उठून उभ्या राहिल्या आणि आम्ही पुढ्यात येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग बोट नाचवत एकेकाला मोजलं. पुन्हा मोजलं. म्हणाल्या, "सा गेलं व्हतं ना वर? ह्ये तर पाचच."

आम्ही हसलो. दमलेल्या माणसाला कशाचंही हसू येतं. मी सांगितलं की मावशी, सहावा माझा मेव्हणा, तो पुण्याचा, वरूनच एसटीने घरी गेला, आत्तापर्यंत जेवूनही झाला असेल. मावशी काही हसल्या नाहीत. थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिल्या आणि "मंग सकाळी नाय का सांगायचं," एवढंच म्हणाल्या. चुलीतली लाकडं मागे ओढली, त्यांच्यावर ओंजळभर पाणी मारलं. फुस्स करून धूर उठला आणि त्या आत निघून गेल्या. आम्ही चहाच्या आशेने पाठीवरच्या पिशव्या उतरवल्या होत्या, त्या परत चढवल्या.

सकाळी त्या बाईंनी आमची नावं विचारली नव्हती, गाव विचारलं नव्हतं. सहा चहा दिले होते, सहा चहाचे पैसे घेतले होते. तेवढ्या ओळखीवर त्यांनी आमचा आकडा दिवसभर सांभाळून ठेवला होता.

हे सगळं आत्ता वर आलं, कारण येत्या रविवारी पुन्हा तिकडेच जायचं ठरतंय आणि मी प्लॅन लिहायला बसलोय. आमच्या कंपूत प्लॅन मी करतो. बाकीचे त्यावरून माझी टिंगल करतात. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने आखल्याशिवाय डोंगरसुद्धा चढता येत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. असेना का. गुरुवारी रात्री जेवणं आटोपली की मी डायनिंग टेबल पुसून घेतो, नकाशा उघडतो, चष्मा लावतो आणि वेळा मांडायला लागतो. खरं सांगायचं तर हल्ली मला डोंगरापेक्षा हा गुरुवारच जास्त आवडायला लागलाय की काय अशी शंका येते. गुरुवारी गुडघे दुखत नाहीत.

वेळा मांडायच्या त्या मागून पुढे. हे मी फार उशिरा शिकलो. आधी मी डोंबिवलीची लोकल धरून सुरुवात करायचो: पाच-पन्नास, मग कर्जत, मग टमटम, काशेळे, खांडस, आणि असं करत करत संध्याकाळपर्यंत यायचो. कागदावर सगळं छान बसायचं, आणि प्रत्यक्षात शेवटचा तास अंधारात जायचा. आता मी अंधारापासून निघतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि गणपती घाटाच्या झाडीत शिरलेल्या माणसासाठी तो त्याच्याही आधी बुडतो. म्हणजे साडेपाचला झाडी संपलेली हवी. उतरायला चार तास धरले तर दीड वाजता भीमाशंकर सोडायला हवं. दर्शन, रांग, पिठलं-भाकरी यांचा एक तास मागे गेला की साडेबारा. चढायला पाच. म्हणजे साडेसातला खांडसमधून पाय उचलायला हवा. आणि पहाटेच्या लोकलने गेलं तर चहा घेऊन खांडस सोडायला सव्वाआठ होतात. असा पाऊण तासाचा घोळ दर वेळी कागदावर समोर येतो, आणि दर वेळी कोणीतरी म्हणतं, "होईल रे, भरभर चालू." भरभर कोणी चालत नाही. मागच्या डिसेंबरातही हेच झालं होतं.

डोंगरातल्या वेळेचा एक हिशेब स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली मांडून ठेवलाय. तासाला तीन मैल चाल धरायची आणि दर दोन हजार फूट चढाला एक तास वर जोडायचा. आपल्या मापात तासाला साधारण ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाचा एक तास. खांडस ते भीमाशंकर चढ ८०० मीटरच्या वर आहे, तर नुसत्या चढाचा एक तास वीस मिनिटं, वर चालीचे वेगळे. सगळं मिळून तीन-साडेतीन तासांत पोचायला हवं. बिचाऱ्या नेस्मिथने घामाचा हिशेब धरलेला नाही. त्याच्या डोंगरात कोणी सावलीसाठी थांबत नसणार. कोणाच्या डब्यातले धपाटे वाटेतच उघडले जात नसणार. कोणाला दर अर्ध्या तासाला फोटो काढायचे नसणार. मी त्याचा आकडा काढतो, दीडपट करतो आणि त्यात आमच्या मेव्हण्यासाठी अर्धा तास घालतो.

सावलीचं मात्र मी नीट बघतो. कोकणातून घाटावर चढणाऱ्या वाटांचा एक मोठेपणा आहे. कड्याचं तोंड पश्चिमेकडे असतं, त्यामुळे सूर्य सकाळी बराच वेळ कड्याच्या पलीकडेच अडकून पडतो. वर आभाळ लख्ख झालेलं असतं, खाली खांडसची कौलं अजून निळसर, दवाने ओली, आणि चढणारा माणूस चढाचा बराचसा भाग थंडाव्यातून चढतो. हाच सूर्य दुपारनंतर त्याच कड्यावर असा काही येतो की कातळाला हात लावला तर चटका बसतो. म्हणजे पाऊण तास उशीर हा नुसता पाऊण तास नसतो. शिडीच्या वाटेवर तो सावली आणि तव्यामधला फरक असतो. पाणीसुद्धा या पाऊण तासावर ठरतं. वेळेत निघालो तर माणशी ३ लिटर पुरतं, नाहीतर चार. दिवाळीनंतर ओढे गप होतात, डिसेंबरात तर दगडांवर नुसते शेवाळाचे वाळलेले पापुद्रे उरतात.

शिडी की गणपती हा वाद तर पानिपताइतका जुना. गावापुढे वाट फुटते. शिडी घाट म्हणजे अंगावर येणारा चढ, मधे कातळात टेकवलेल्या लोखंडी शिड्या, त्यांच्यामधल्या खोबण्या, आणि एके ठिकाणी पाय टाकताना खालची दरी बघायची नाही असा अलिखित नियम. पावसात त्या शिड्यांवरून पाणीच उतरत असतं. माझ्या मते पावसात तिथे कोणीही जाऊ नये, व्हिडिओ कितीही सुंदर दिसोत. गणपती घाट लांबचा, निवांत, कोकणातून शिवरात्रीला चालत येणाऱ्यांचा, वाटेत गणपतीचं देऊळ असलेला. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या सपाटीजवळ एकत्र येतात, शेजारी पदरगड उभा, आणि तिथून पुढे जंगल आणि उरलेला चढ. आमचं ठरलेलं: शिडीने चढायचं, गणपतीने उतरायचं. शिडीवरून चढताना तोंड कातळाकडे असतं. उतरताना दरी आपल्याला शोधत पायाखाली येते. पन्नाशीनंतर असल्या भेटी मी टाळतो.

रविवार म्हटला की मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही कागदावर येतो. सकाळी आपण निघून गेलेले असतो, संध्याकाळी तो उठलेला असतो, पण विस्कटलेल्या गाड्या रात्रीपर्यंत विस्कटलेल्याच राहतात. तेव्हा कर्जतहून परतीच्या दोन गाड्या लिहून ठेवायच्या आणि तिसरीने यायचं.

एवढं सगळं लिहून झालं की कागदाच्या तळाशी मी एक ओळ लिहितो. ती कुठल्या नकाशात नाही, कुठल्या ट्रेकच्या पुस्तकात नाही. ती आईची आहे.

१९९४ साल असेल. मी कॉलेज संपवून नोकरीच्या परीक्षा देत होतो. तेव्हा आम्ही शेवटची कर्जत पकडायचो, मध्यरात्रीनंतर कर्जतला उतरायचो आणि फलाटावर वर्तमानपत्रं पसरून झोपायचो. आसपास आमच्यासारखीच पोरं, सॅका उशाला, बुटांचा वास, मालगाड्यांचे झटके आणि चारच्या सुमाराला पहिल्या चहाच्या किटलीचा आवाज. पाऊण तासाचा घोळ तेव्हा नव्हता, कारण झोपेला आम्ही हिशेबात धरत नव्हतो. त्या खेपेला वरून निघालो आणि धुकं आलं. पदरवाडीकडे उतरणारी वाट सोडून आम्ही गुरांच्या वाटेला लागलो. गुरांची वाट फार फसवी असते. ती माणसाच्या वाटेपेक्षा जास्त मळलेली, जास्त खात्रीची दिसते आणि मग एखाद्या कारवीच्या दाट रानात, जिथवर गुराला चारा हवा होता तिथवर जाऊन, काही न सांगता संपते. कारवीच्या काठ्या चेहऱ्यावर बसत होत्या. अंधार पडला तेव्हा आम्ही एकमेकांच्या सॅका धरून चालत होतो. कुत्रं भुंकलं म्हणून पदरवाडी सापडली. तिथल्या एका घरात रात्र काढली, नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, आणि मी अगदी खरं सांगतो, मला तेव्हा मजा वाटत होती. आपल्याला वाट चुकण्याइतका डोंगर लागला, या अभिमानात मी गोधडीखाली जागा होतो.

आमच्याकडे फोन नव्हता. तळमजल्यावरच्या काकूंकडे होता, पण पदरवाडीतून तो लागणार कसा. मी निघताना कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून गेलो होतो: रविवार, रात्री ९. सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला मी जिना चढलो तेव्हा आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसली होती. वडील पहाटेच कल्याण स्टेशनवर जाऊन आले होते. कल्याणला जाऊन त्यांनी काय बघितलं असेल, कोणाला विचारलं असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आई मला काही बोलली नाही. माझ्या चेहऱ्यावरचे ओरखडे बघितले, सॅक उचलून आत नेली. पान वाढताना म्हणाली,

"भात दोनदा लावला काल."

पुढच्या खेपेला मी पुन्हा पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, तुझी यायची वेळ मला नको सांगूस, ती कधी खरी नसते. मी काळजी कधीपासून करायची ते लिही. मला हसू आलं, पण ती गंभीर होती. तिचं म्हणणं असं होतं की नऊ म्हटलं की तिला आठपासून खिडकीत उभं राहावं लागतं आणि नऊनंतरचं प्रत्येक मिनिट जड जातं. त्यापेक्षा मी तिला एक वेळ द्यावी, जिच्याआधी काळजी करायची नाही असं ती स्वतःला बजावू शकेल, आणि जिच्यानंतर ती वडिलांना उठवेल, काकूंच्या फोनवरून मित्रांच्या घरी विचारेल. मी लिहिलं: काळजी, सोमवार सकाळी १०. तिने ते वाचलं, मान हलवली आणि कुकर लावायला गेली. पुढे ती असेतोवर मी ती वेळ लिहीत आलो आणि ती मोडू नये म्हणून जिवापाड उतरत आलो. यायची वेळ मोडली तर गंमत. काळजीची वेळ मोडायची नाही.

आता ती ओळ फ्रिजवर लागते, चुंबकाखाली. बायको ती बघते की नाही कोण जाणे, पण नसली तर विचारते. मुलीला मात्र हा प्रकार पटत नाही. तिच्याकडे लाइव्ह लोकेशन आहे. मागच्या डिसेंबरात ती घरी सोफ्यावर बसून आमचा निळा ठिपका बघत होती. शिडीच्या वर कुठेतरी रेंज गेली आणि ठिपका एका जागी थिजला. आम्ही मजेत चालत होतो, वर पोचून पिठलं खात होतो, मेव्हण्याला एसटीत बसवत होतो, आणि ठिपका तिच्या मोबाइलवर कड्याच्या अगदी काठाला चार तास हलत नव्हता. म्हणजे माझ्या आईला काळजी लागायची रात्री, माझ्या मुलीला ती भर दुपारी बारा वाजता लागली. तिने ते मला आठवडाभराने सांगितलं, तेही रागावून.

वर मंदिरासमोर एक मोठी घंटा आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून, १७३९ साली, ज्या पोर्तुगीज घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या त्यांतली ती. मागच्या वेळी तिच्यापाशी उभं राहून मेव्हणा म्हणाला होता की एवढी जड वस्तू घाटावर आणणाऱ्यांनी प्लॅन केला असेल का रे? तेव्हा मी काहीतरी टोलवलं होतं. पण परतीच्या उतारावर तेच डोक्यात होतं. ती ओढताना किती माणसं होती, आणि ती कोण मोजत होतं.

तिथलं जंगल प्लॅनमध्ये मावत नाही, हेही सांगायला हवं. पदरवाडी सोडून झाडीत शिरलं की पंधरा-वीस पावलांत आवाज बदलतो. पायाखाली जांभळीची, हिरड्याची पानं कुजून मऊ झालेली. वर कुठेतरी शेकरू खडखडाट केल्यासारखं ओरडतं. तांबडं, भलं मोठं, झुबकेदार शेपटीचं हे ध्यान आपला राज्यप्राणी. १९८५ साली अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. ते एक घरटं बांधून थांबत नाही, झाडांच्या शेंड्यांना चार-पाच ठिकाणी बांधून ठेवतं, एकात काही बिनसलं तर दुसरं तयार. हे कळल्यापासून माझ्या दोन-दोन परतीच्या गाड्यांना मी कोणाला हसू देत नाही. शेकरू दिसेल की नाही ते मात्र कागदावर लिहिता येत नाही. मागच्या वेळी ते दिसलं तेव्हा आम्ही वीस मिनिटं माना वर करून उभे होतो. त्या वीस मिनिटांचा अंधार पुढे गणपती घाटात आमच्या वाट्याला आला. कोणाचीच तक्रार नव्हती.

आणि खाली मावशी बसून होत्या.

मला टोचतं ते इथे. प्लॅनमध्ये मी सगळे धरले होते. घर, बायको, टमटमवाला, मेव्हण्याची एसटी, तो पुण्यात पोचल्यावर कोणाला फोन करणार तेसुद्धा. त्या बाईंना धरलं नव्हतं, कारण त्या माझ्या लेखी चहा होत्या. ७.५० ते ८.१५, चहा. त्यांच्याकडे माझी कुठलीच ओळ नव्हती, त्यामुळे त्यांनी आपली वेळ आपणच ठरवली असणार. माझ्या वहीत आमची पदरवाडीची वेळ होती, पाण्याचे लिटर होते, आणि त्यांच्या मनात एक आकडा होता, सहा. संध्याकाळी कोणी त्यांच्या दारावरून गेलं असेल, त्याला त्यांनी विचारलं असेल का की वर कोणी दिसलं का? चूल विझवायला आल्यावर त्यात पुन्हा एखादं लाकूड सारलं असेल का? मी त्यांना त्या रात्री थांबल्याचे पैसे द्यायला हात खिशात घातला होता. बरं झालं त्या आधीच आत गेल्या.

कधी वाटतं, मी उगाच भावुक होतोय. वाटेवर राहणाऱ्या माणसांना माणसं मोजायची सवयच असते. गुरं मोजतात, पोरं मोजतात, येणारे-जाणारे मोजतात. कोणी वर राहिलं तर रात्री कंदील नाहीतर बॅटरी घेऊन पहिल्यांदा निघावं लागतं ते त्यांच्याच घरातल्या पुरुषांना. पोलीस, बचाव पथकं ही सगळी मागाहून पोचतात. तेव्हा मावशींच्या मोजण्यात माया किती आणि उद्याच्या शेतावरच्या कामाची चिंता किती, ते मला ठरवता येत नाही. "सकाळी नाय का सांगायचं" यात राग होता, हे नक्की. आणि तो रास्त होता.

तर येता रविवार. मेव्हणा शनिवारी रात्री मुक्कामाला येतोय, आणि त्याला पुन्हा वरूनच एसटीने जायचंय. मी त्याला फोनवर म्हटलं, या वेळी खाली चल आमच्याबरोबर. तो म्हणाला, डोकं फिरलंय का, चार तास उतरून, डोंबिवलीला येऊन मग पुण्याला जाऊ? कोणासाठी? मी त्याला मावशींचं सांगितलं. तो एसटीत झोपून गेलेला माणूस, त्याला हे माहीतच नव्हतं. जरा वेळ गप्प बसला. मला वाटलं आता तो हो म्हणणार. पण तो पुण्याचा आहे. म्हणाला, "अरे, मग सकाळी सांगायचं त्यांना. सहा जातोय, पाच येणार. संपलं."

खरंच की. एवढंच तर होतं.

या खेपेला आम्ही लोकलच्या नादी लागत नाही, जीप सांगितली आहे, पहाटे पाचची. पाऊण तासाचा घोळ मिटला. कागदावर लिहिलंय: खांडस ७.००, चहा. मावशींना आकडा सांगणे. मेव्हणा दाखवणे. मग थोडा वेळ पेन तसंच धरून बसलो, कारण नुसता आकडा देऊन भागणार नाही, वेळही द्यायला हवी, आणि फ्रिजवर लिहितो तशी रात्री ११ ही वेळ त्यांच्या काय कामाची? चूल किती वाजता विझते ते मला माहीत नाही. शेवटी लिहिलं, "काळजी: दिवेलागणीनंतर तासाभराने." आणि त्याच्यावरच्या रकान्यात भीमाशंकर सोडायची वेळ दीड होती, ती खोडून एक केली.